बारक्याचं निजलेलं रक्त

जन्मला तेव्हा बारक्या चांगला गुटगुटीत होता. रांगायला लागला आणि दिवसेंदिवस फिका पडत गेला. डॉक्टर म्हणाले, थॅलेसेमिया. याला जन्मभर दुसऱ्याचं रक्त चढवावं लागेल. ताई तेव्हा शाळेत जायची. तिने विचारलं, "मग आधीचं चांगलं रक्त गेलं कुठे?"

हा प्रश्न तिच्या मानगुटीवर बसला तो बसलाच. बारक्याच्या खाटेशेजारी बसून ती पिशवीतून उतरणारे थेंब बघायची. बघता बघता पेंग यायची आणि पेंगेत वाटायचं, याचं बाळपणीचं रक्त आतच कुठेतरी गाढ निजलंय.

मोठेपणी प्रयोगशाळेत लागल्यावर तिला कळलं, ते स्वप्न अगदीच खोटं नव्हतं. रक्ताला लाल करणारं हिमोग्लोबिन बाळाचं वेगळं आणि मोठ्यांचं वेगळं; बारक्याचं बिघडलं होतं ते मोठ्यांचं. बाळाच्या हिमोग्लोबिनचं जनुक मात्र मोठ्या माणसाच्या पेशीतही शाबूत असतं. जन्मानंतर एक प्रथिन त्याला गप्प करतं. या प्रथिनाला जणू बोटं असतात. झिंक फिंगर म्हणतात त्यांना. प्रत्येक बोटाच्या घडीत जस्ताचा एक कण बसलेला, त्याच्या जोरावर बोटाचा आकार टिकतो. ही बोटं डीएनएच्या गोफात शिरून अक्षरं चाचपतात, ओळखीची लागली की घट्ट धरतात. मग ते जनुक वाचलंच जात नाही. अशीच बोटं असलेली काही प्रथिनं उलट जनुकांना जागंही करतात.

"म्हणजे माझं रक्त कुणीतरी दाबून ठेवलंय?" बारक्याने विचारलं. आता तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा.

"हो. ती पकड सोडवायचीय मला."

"गुदगुल्या करून बघ की!"

ताईने ज्यांतून रक्तपेशी घडतात त्या मूळपेशी त्याच्याच रक्तातून घेतल्या, त्यांत ते प्रथिन कमी बनेल अशी तजवीज केली आणि पेशी वाढवत ठेवल्या. पहिल्या खेपेला सगळ्या मेल्या. ताईने नळ्या धुतल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुढच्या खेपेला मात्र तिने नळ्या यंत्रात फिरवून बाहेर काढल्या, तर बारक्याच्या न बदललेल्या पेशींच्या नळीत तळाशी नेहमीचा फिकट ठिपका आणि प्रथिन कमी केलेल्या नळीत चक्क लाल! ती नळी धरून खिडकीशी उभी राहिली. बाहेरची झाडं, ढग, रस्त्यावरची माणसं, सगळं पाण्यात तरंगत असल्यासारखं सावकाश चाललं होतं.

तिने बारक्याला बोलावून घेतलं.

"नळीतलं अंगात यायला फार काळ लागेल," ती म्हणाली. "तुझ्या बाबतीत जमेल की नाही, तेही सांगता येत नाही. उद्या रक्त चढवायला जायचंच आहे."

"जाऊ की." त्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि नळीपाशी वाकला. "ताई, हा मी?"

"तूच रे."

"बरा दिसतोय की गं मी!"

ताईला हसू आलं. बारक्या कितीतरी वेळ तसाच वाकून बघत राहिला. तिने त्याला उठ म्हटलं नाही.