समुद्राकडचं पावणं

त्या उन्हाळ्यात आमच्या पुढच्या खोलीत फरशीवर खडूनं आखलेला एक लांबडा चौकोन होता, आणि घरातलं कुणीही त्यात पाय ठेवत नव्हतं. शिवाजी पेठेतलं आमचं घर मुळात काडेपेटीएवढं. एका भिंतीला आत्याबाईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची कॉट, समोर टीव्ही, आणि उरलीसुरली जागा ह्या चौकोनानं गिळलेली. आलंगेलं माणूस विचारायचं, "काय वो, होम घालताय का काय घरात?" मी म्हणायची, "न्हाई, समुद्र बसवतोय."

समुद्राचं खूळ आमच्या ह्यांचं. उद्यमनगरात ह्यांचं लेथचं छोटं वर्कशॉप. एकदा मशीनचे पार्ट आणायला म्हणून मुंबईला गेले आणि परत आले ते मांडीवर काचेची टाकी घेऊन. आत दोन नारिंगी मासे, अंगावर पांढरे पट्टे, आणि एक समुद्रफूल. दिसायला फूल, पण आहे तो जीवच. दगडाला चिकटून बसतो, पाकळ्यांसारखी बोटं हलवतो, आणि ते दोन मासे त्या बोटांत घर करून राहतात. मी विचारलं, "पार्ट कुठायत?" तर म्हणाले, "ऱ्हायलं." माझं डोकंच सणकलं. म्हटलं, खायचे मासे आणले असते तर निदान रस्सा तरी झाला असता!

आत्याबाईंनी मात्र पहिल्या दिवसापासून त्यांना घरात घेतलं. त्या कुरुंदवाडच्या, उसाच्या घरातल्या. समुद्र त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून दिवसभर कॉटवर बसून असायच्या, आणि आता त्यांना बघायला काहीतरी मिळालं. माशांना त्या 'पावणं' म्हणायच्या आणि त्या जिवाला 'फूल'. मी टाकीवर खेकसले की म्हणायच्या, "लांबनं आल्यात गं पोरी. त्यास्नी काय हवं-नगं ते आपुनच बघाय पायजे की."

आणि खरंच बघायच्या. तेव्हाचं लोडशेडिंग आठवतंय ना? लाइट गेली की हवेचा पंप बंद, पंप बंद की पाण्यातला जीव घाबरा. आत्याबाईंनी ताक घुसळायची एक नवी रवी फक्त टाकीसाठी ठेवली होती. लाइट गेली रे गेली की कॉट टाकीजवळ ओढून घ्यायला लावायच्या आणि बसल्या बसल्या पाणी घुसळायच्या. ह्यांनी पुण्यातल्या एका पाळायचे मासे विकणाऱ्या दुकानदाराला फोनवर हे सांगितलं, तर तो आधी पोट धरून हसला आणि मग म्हणाला, "पद्धत बरोबर आहे हो!"

त्याच दुकानदारानं पुढं एकदा सांगितलं की लहान टाकीत ते फूल फार टिकणार नाही. थोडं पाणी लगेच तापतं, लगेच बिघडतं. मोठी टाकी केली तर वाचेल. ह्यांनी फोन ठेवून ते आम्हाला सांगितलं. आत्याबाई कॉटवरून म्हणाल्या, "मग करा की मोठी. माझी कॉट सरकवा तिकडं दाराजवळ." दाराजवळ वारं लागायचं, पाय ठणकायचे, पण त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतः उभं राहून कॉट हलवून घेतली. तिथं मग मोठ्या टाकीच्या मापाचा खडूचा चौकोन आला.

त्यानंतरच्या संध्याकाळी आठवल्या की अजून बरं वाटतं. जेवणं झाली की हे फरशीवर मांडी घालायचे, चौकोनाच्या कडेला मी, आणि वर कॉटवर न्यायाधीशासारख्या आत्याबाई. पहिला वाद स्किमरवर झाला. पाण्यात बारीक बुडबुडे सोडून फेस वर आणायचा आणि त्या फेसाबरोबर घाण काढून टाकायची, असं ते यंत्र. हे मला तासभर समजावत होते. आत्याबाई म्हणाल्या, "म्हंजे गुऱ्हाळात मळी काढत्यात तसंच की! मग भेंडीचं पाणी घालतासा काय?" गूळ करताना काहिलीतली मळी वर यावी म्हणून भेंडीचं पाणी घालतात, ते त्यांनी माहेरी लहानपणापासून पाहिलेलं. हसून हसून आमची मुरकुंडी वळली. पण खरं सांगते, मला ते यंत्र कळलं ते त्या वाक्यानंच. ह्यांनी ते पुढं पीव्हीसी पाईप आणि ॲक्रिलिकची नळी जोडून वर्कशॉपमध्येच केलं.

लोखंडी स्टँड करायचा तर खारट पाण्यानं गंजणार, म्हणून सागवानी. पंप एक नको, दोन, एक दगावला तर दुसरा. त्याला इन्व्हर्टर. पाणी गार ठेवायचं मशीन आपल्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून टाकीच्या तोंडावर टेबलफॅन. वाऱ्यानं पाणी वाफ होऊन उडतं आणि उरलेलं गार होतं. पण उडतं ते साधं पाणी, मीठ मागं राहतं, म्हणून रोज तेवढं गोडं पाणी घालायला हवं. "ते कोण घालणार रोज?" मी कपाळाला आठ्या घालून विचारलं. "मी हाय की!" आत्याबाई म्हणाल्या, "मला दुसरं काय काम हाय?" त्यासाठी गाळलेल्या पाण्याचा एक पांढरा प्लॅस्टिकचा ड्रम टाकीशेजारी ठेवायचं ठरलं.

समुद्राचं पाणी आणलं माझ्या मलकापूरच्या भावानं. त्याचा टेम्पो रत्नागिरीला जायचा. पहिल्या खेपेला पठ्ठ्यानं बंदरातनंच कॅन भरले. झाकण उघडलं तर डिझेलचा भपकारा! मी म्हटलं, "अरे, मासे पाळायचेत, टेम्पो न्हाई." तो म्हणाला, "आक्का, पाणी ते पाणी, त्याला काय पत्रिका बघून आणू?" दुसऱ्या खेपेला मात्र होडीवाल्याला गाठून लांबनं आणलं.

टाकी भरली, लोणचं मुरवावं तशी नुसत्या पाण्यावर काही दिवस मुरू दिली, आणि मग मासे नि फूल आत सोडलं. आठवडाभरात ते जेवायच्या ताटाएवढं उमललं. आत्याबाईंनी आम्हाला हाका मारमारून दाखवलं. गल्लीतल्या बायका, तालमीतली पोरं, सगळे येऊन बघून गेले. मला वाटतं आमच्या घरातले ते सर्वांत आनंदाचे दिवस असावेत.

मग फूल मिटायला लागलं. आधी थोडं, मग रोज जास्त. मासे धडधाकट, फूल तेवढं सुकतंय. ह्यांनी पंप खोलले, वायरी तपासल्या, पाणी बदललं. काही उपयोग होईना. शेवटी एका दुपारी मीच पुण्याला फोन लावला. दुकानदार म्हणाला, "पाण्यात कुठून तांबं उतरतंय का? माशांना एकवेळ चालतं, फुलाला ते विष." मी फोनवर बोलते ते पंचगंगेच्या घाटावर ऐकू जातं. मी ओरडलेच, "तांबं? फुलाला विष? आमच्यात तांबं कुठलं आलंय?"

फोन ठेवून वळले. आत्याबाई नुकतंच टाकीत पाणी घालून कॉटवर टेकल्या होत्या आणि पदरानं तांब्या पुसत होत्या. तांब्याचा तांब्या. चिंचेनं घासून लखलखीत केलेला.

"आत्याबाई, पाणी कुठलं घातलं?"

"हंड्यातलं. रोज त्येच घालतोय की. ड्रमातल्या पाण्याला पलास्टिकचा वास येतोय. पावण्यास्नी कुणी तसलं पाणी देतंय व्हय?"

स्वयंपाकघरातला त्यांचा तांब्याचा हंडा. देवाला पाणी त्यातलं, दारी आलेल्या पाहुण्याला पाणी त्यातलं. भिंत धरधरून, गुडघे आवळून त्या रोज तिथवर जात होत्या आणि रात्रभर तांब्यात मुरलेलं पाणी फुलाला घालत होत्या. दोन-दोन पंप ठरवणाऱ्या आम्हा शहाण्यांनी भांडं कुठलं, हे काही ठरवलं नव्हतं. एरवी माझी जीभ कुणाला ऐकत नाही. त्या दिवशी मात्र 'द्या, मी ठेवते' म्हणून त्यांच्या हातातला तांब्या तेवढा घेतला.

संध्याकाळी ह्यांना गल्लीच्या तोंडाशीच गाठून सांगितलं. ह्यांनी सायकल भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "आईला कळू द्यायचं न्हाई." सगळं पाणी बदलूनही फूल वाचलं नाही, तेव्हा आम्ही त्यांना सांगितलं की त्याचं वय झालं होतं. "आसंल," एवढंच म्हणाल्या. पाणी घालायचं काम तर मी त्याच दिवशी त्यांच्या गुडघ्यांचं निमित्त करून माझ्याकडं घेतलं होतं, तेही त्यांनी निमूट दिलं होतं. थोड्या दिवसांनी म्हणाल्या, "हंडा लई जड झालाय, माळ्यावर टाक." तेव्हापासून त्या प्लॅस्टिकच्या बाटलीतलं पाणी प्यायला लागल्या. मला वाटलं, म्हातारपण, बाटली हाताशी बरी पडते.

ते दोन मासे पुढं बरीच वर्षं जगले. आत्याबाई शेवटच्या दुखण्यात पडल्या तेव्हाही होते. एका सकाळी मला उमाळा आला. माळ्यावरनं हंडा काढला, चिंचेनं घासला, त्यातलं पाणी तांब्यात घेऊन त्यांच्या ओठांशी धरलं. त्यांनी तोंड फिरवलं.

"बाटलीतलं दे."

"वास येतोय म्हणायचा की तुम्ही."

"येतोय की. अजून येतोय." मग म्हणाल्या, "माझ्या हातनं फुलाला इख गेलं, पोरी. मग मला कशाला ग्वाड लागंल त्ये?"

मला रडू आवरेना. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तूच की. फोनवर केवढ्यांदा वरडलीस!"

"मग इतकी वर्षं बोलला का नाही?"

"तुमी दोघांनी माझ्यापायी एवढं झाकून ठिवलंतासा," त्या म्हणाल्या, "त्ये मी कशाला उघडू?"

मी तांब्या खाली ठेवला, बाटलीचं बूच काढलं आणि ती त्यांच्या ओठांना लावली.