घरपट्टीवाले आले!

चहाचा कप आधी खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल! आता काय सांगू तुम्हाला, एकदा माझ्या या जिभेपायी शेजारच्या मंगलाचं लग्न जुळायच्या आधीच मोडत होतं!

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. वर्ध्यात आमच्या भागासाठी पाण्याची नवी टाकी उभी झाली, खांबांवर दिवे लागले. काय आनंद होता! पहिल्यांदा पाणी आलं तेव्हा मी तर नळाला हळदीकुंकू वाहिलं.

मग कोणीतरी बातमी आणली. टाकी, दिवे, नाल्या, सगळ्याचा खर्च घरपट्टी-नळपट्टीतून निघणार, आणि नगरपालिकेची माणसं घरोघरी खोल्या मोजायला येणार!

झालं! कालपर्यंत माडीची फुशारकी मारणारी गल्ली एका रात्रीत गरीब झाली. कोणी नव्या खोलीत बकरी बांधली, कोणी नळावर टोपली पालथी घातली. आणि या युक्त्या शिकवल्या कोणी? अहो, मीच! चौथीच शिकले, पण गल्लीची वकिली माझ्याकडेच होती.

एके दिवशी सकाळी ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते. शेजारच्या सुमनवहिनी बाजारात गेलेल्या, मंगला शिवणक्लासला. तेवढ्यात त्यांच्या घरासमोर दोन माणसं येऊन थांबली. एकाच्या काखेत पिशवी, खिशात पेन. तो आधी छपराच्या कवेलूंकडे पाहतो काय, मग भिंतीच्या कडेनं पावलं टाकत जातो काय! मला सांगायला हवं का हे कोण? सूप टाकलं आणि धावले.

"काऊन भाऊ, काय पाहून राह्यले?"

"घर पाहून राह्यलो, बाई. मोठं दिसते!"

"कुठचं मोठं! समोरूनच तेवढं दिसते. मागं सारा गोठा आहे."

"आन् माडी?"

"पडाले आली! वर चढाची हिंमत नाई कोणाची."

"नळ तं असंल?"

"नावाले आहे. बिचारे विहिरीवरून पाणी आणते डोक्यावर."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं, जमलं! वहिनींची पट्टी अर्धी तरी वाचली! मला असा जोर चढला म्हणता!

पेनवाल्यानं हळूच विचारलं, "घरात एक पोरगी आहे म्हणते?"

अरे बाप्पा! माणसं मोजूनही नळपट्टी लावतात की काय?

"तिले नका धरू हिशेबात! ती काय ह्या घरात राह्यते? आज ना उद्या जाणारच आहे निघून!"

"निघून? कोणासंगं?"

"ते मले काय मालूम? नशिबात जो असंल त्याच्यासंगं!"

सोबतच्या माणसानं कपाळाला हात लावला. मी थांबायला हवं होतं ना? पण नळपट्टी राहिली होती ना अजून!

"आन् पाणी तं तिले लागतच नाई, भाऊ! आठ-आठ दिवस आंघोळ नाई करत पोट्टी!"

सोबतचा माणूस दोन पावलं मागे सरकला. तेवढ्यात सुमनवहिनी पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या आणि लगबगीनं डोक्यावर पदर घेतला.

"माय वो! तुम्ही तं दुपारून येणार होते! माई, हे मंगलाले पाहाले आले. पोराचे वडील आन् मामा."

बाई गं! गल्लीत कोणाच्या घरी काय शिजतं ते मला ठाऊक, आणि एवढं स्थळ यांनी मला सांगू नये? का, तर म्हणे माईला सांगितलं की भोंग्यावर सांगितल्यासारखंच!

पाहुणे आत गेले. जरा वेळानं वहिनी रडत बाहेर आल्या. "काय सांगितलं वो माई तुम्ही? मामा तं चाला म्हणून राह्यला!"

मग काय, तशीच आत घुसले आणि हात जोडले.

"भाऊ, सारं खोटं! मागं गोठा नाई, दोन पक्क्या खोल्या आहेत. टोपलीखाली नळ धो-धो वाहते. आन् पोरगी दोन टाइम आंघोळ करते, शपथ! मले वाटलं, तुम्ही घरपट्टीवाले!"

मग मुलाचे वडील असे हसले, की बशीतला चहा धोतरावर सांडला.

"बाई, मी घरपट्टीवालाच आहो! आमच्या गावच्या नगरपालिकेत. जनम गेला खोल्या मोजण्यात. आताबी सवयीनं मोजून राह्यलो होतो! गोठा म्हटल्याबरोबर समजलो, मागं पक्क्या खोल्या आहेत. पोरीचं तेवढं समजत नव्हतं. आन् शेजारीण इतकी जीव लावून खोटं बोलते, म्हणजे माणसं चांगलीच असतील!"

तेवढ्यात मंगला आली, चहा झाला, पेढे वाटले, आणि लग्न ठरलं! लग्नात मी अशी मिरवले, जशी काही वरमाय मीच!

पंधरवड्यानं आमच्या गावचा खरा घरपट्टीवाला माझ्या दारात. यावेळी मी शहाणी झाले होते. एक अक्षर खोटं बोलले नाही.

"दोन खोल्या आहेत, भाऊ."

तो गालातल्या गालात हसला आणि चार लिहिल्या.

"चार? अहो, दोनच आहेत! आत येऊन पाहा नं!"

"पाहाचं काय काम? मंगलाचे सासरे भेटले होते लग्नात. ते म्हणे, माई जेवढं सांगंल, त्याच्या दुप्पट लिहिजा!"