सुतळीची गाठ

परवा आळेफाट्यावर शेतीसामानाच्या दुकानात शिरले आणि दारातच थबकले. आत कुठंतरी सुतळीचा नवा गठ्ठा फोडला होता. ज्यांनी त्या वासात दिवस काढलेत त्यांना सांगायला नको; थोडा मातीचा, थोडा रॉकेलचा, थोडा पावसाळ्यात नीट न वाळलेल्या गोणपाटाचा असा तो वास. हल्ली टोमॅटो बांधायला प्लास्टिकची दोरी आलीय, सुतळीला फारसं कुणी विचारत नाही. मी बघत उभी राहिलेली पाहून दुकानदार म्हणाला, "घ्या की ताई, अस्सल हाय, तुटायची न्हाई." तुटायची नाही, हे त्यानं मला सांगावं! ठिबकचे जोड घ्यायला गेले होते, ते न घेताच बाहेर आले आणि शेजारच्या रसवंतीच्या बाकावर कितीतरी वेळ नुसती बसून राहिले.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. लग्न होऊन मला दोन वर्षं झाली होती. माहेर मंचरच्या पेठेतलं. शेताशी माझा संबंध आला तो भाजी निवडण्यापुरता. सासर पिंपरी पेंढारचं, मोठ्या खटल्याचं, आणि त्या खटल्याचा सगळा भार थोरल्या जाऊबाईंवर. त्यांना मी आक्का म्हणायची. टोमॅटोची बांधणी मला आक्कांनी शिकवली. कंबरेला सुतळीचा जुडगा खोचायचा, एकेक तुकडा ओढायचा, झाडाला सैलसा वेढा द्यायचा आणि वरच्या तारेला पक्की गाठ मारायची. "झाडाला सैल, तारेला घट्ट," त्या ओळीओळीला बजावायच्या. "झाड वाढतंय गं, त्याला फास बसला तर सुतळी आत रुतती, वरचं सगळं सुकून जातं." माझं नेमकं उलटं व्हायचं. दुसऱ्या दिवशी माझ्या ओळीतली निम्मी झाडं जमिनीवर लोळण घेत असायची. "तुझ्या गाठीत जीवच न्हाई, मंचरकरीणबाई!" असं म्हणून आक्का हसायच्या आणि माझी ओळ पुन्हा बांधून काढायच्या. मला राग यायचा, पण हसूही यायचं. त्या घरात माझी थट्टा करणारं माणूस तेवढं एकच होतं, बाकी सगळे नुसते टाकून बोलायचे.

त्या दिवशी सकाळचे दहा वाजले असतील. शेतात आम्ही दोघीच होतो. आक्का खाली बसून झाडांचा बुडातला पिवळा पाला काढत होत्या. "आई गं," एवढंच मला ऐकू आलं. वळून पाहिलं तर त्या उजवा हात धरून बसलेल्या आणि पाल्यातून जाड, ठिपक्यांची घोणस सावकाश निघून चाललेली. करंगळीच्या मुळाशी रक्ताचे दोन थेंब होते. एक गोष्ट लहानपणापासून कानावर होती, आधी बांधायचं. कंबरेचा जुडगा ओढला, मनगटाच्या वर सात-आठ वेढे घातले, गुडघा टेकून अंगातलं सगळं बळ लावलं आणि गाठ मारली. आक्कांचा चेहरा राखेसारखा झाला होता. तशातही त्यांनी गाठीकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "आज जमली गं तुला." आणि मला, सांगायला लाज वाटते, त्या क्षणी बरं वाटलं.

आक्कांना धरून घरी आणलं, तर सासूबाई देवऋष्याला बोलवा म्हणत होत्या. थोरल्या दिरांनी त्यांचं ऐकलं नाही. पिकअपमधले टोमॅटोचे क्रेट तिथंच रस्त्यावर उतरवले आणि आक्कांना मागं घालून आम्ही दवाखान्यात नेलं. पोचेपर्यंत तास-दीड तास गेलाच. तोवर हात कोपरापर्यंत सुजला होता, बोटं काळीनिळी झाली होती आणि सुतळी मांसात अशी रुतली होती की दिसतही नव्हती. तिथल्या सिस्टर जुन्नरकडच्या, वयानं मोठ्या, बोलायला फटकळ. त्यांनी हात पाहिला आणि कडाडल्या, "कुणी बांधलं हे? अहो, सापानं केलं नसतं ते या सुतळीनं केलंय! हात जायचा या बाईचा!" सासूबाई, दीर, सगळे एकमेकांकडं बघू लागले. मी आक्कांच्या पायावरचं पांघरूण सारखं करू लागले. आणि खाटेवरून आक्कांचा आवाज आला, "मीच बांधली. येका हातानं, दात लावून."

सिस्टरांनी गाठ पाहिली, मग माझ्याकडं पाहिलं. आधी सलाइनमधून सापाचं इंजेक्शन सुरू केलं आणि मग ब्लेडनं एकेक वेढा कापला, मध्ये थांबत, आक्कांची नाडी बघत.

नंतरचे नऊ दिवस मी त्या खाटेपासून हलले नाही. सिस्टरांनी मला एक बॉलपेन दिलं होतं. सूज जिथवर आली असेल तिथं दंडावर रेघ ओढायची आणि रेघेच्या वर गेली की सांगायचं. मी रेघा ओढत होते, एकीच्या वर एक, आणि सगळ्यांच्या खाली माझ्या सुतळीचा जांभळा वळ होता. दर काही तासांनी काचेच्या नळीत रक्त घेऊन ती खिडकीत ठेवायची, वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. मग सिस्टर ती हळूच तिरपी करायच्या. रक्त वाहिलं म्हणजे गोठलं नाही, विष अजून आहे. पहिल्या दिवशी ते दोनदा पाण्यासारखं वाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नळी तिरपी केली आणि रक्त जागचं हललं नाही, तेव्हा मी भिंतीला टेकून रडले. मी आक्कांना घोटघोट पेज पाजली, वेणी घातली, लघवी मापून लिहून ठेवली, हाताखाली उशा सारख्या केल्या. बघायला येणारी माणसं म्हणायची, जाऊ असावी तर अशी. खरं सांगू? निम्मी माया होती आणि निम्मी भीती, ग्लानीत आक्कांच्या तोंडून खरं निघेल याची.

एकदा ड्रेसिंग करताना सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या, "एका हातानं अशी गाठ बसत नाही."

"कुणाला सांगू नका," मी म्हणाले.

"मी कशाला सांगू? सांगायचं ते तुम्ही."

आक्का वाचल्या, पण करंगळी आणि शेजारचं बोट काढावं लागलं आणि उरलेली बोटं ताठरली. विषानं किती गेलं आणि सुतळीनं किती, हे आता वेगळं करता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. सासूबाईंनी मात्र ते केव्हाच वेगळं केलं होतं. आक्कांच्या हातून भाकरी मोडली, घागर निसटली की त्यांचं ठरलेलं, "आपल्याच हातानं आपला हात घालवला बयेनं! अक्कल नको?" आक्का खाली मान घालून डाव्या हातानं वेडीवाकडी भाकरी थापत राहायच्या. मी शेजारीच चुलीपुढं असायची आणि ब्र काढत नसायची.

एकदा न राहवून मी विचारलं, "आक्का, असं का केलंत?" त्या म्हणाल्या, "तू नवी व्हतीस. जलमभर ऐकावं लागलं असतं तुला. मला काय, सवय हाय." वर म्हणाल्या, "तुला वाटंल तवा सांग की. मी काय तुझं तोंड धरलं न्हाई." मी उद्यावर टाकलं. सासूबाई त्यानंतर दहा-बारा वर्षं जगल्या, रोज एक उद्या होता.

गेल्या थंडीत आक्का गेल्या, साध्या तापाचं निमित्त झालं. दहाव्याला जमलेल्या बायकांत कुणीतरी विषय काढला, "लई धीराची बाई. येका हातानं, दात लावून बांधली व्हती म्हनं!" सगळ्या माझ्याकडं वळल्या, कारण त्या दिवशी शेतात मीच होते ना. आणि मी मान हलवली.

परवा रसवंतीवरून उठले, पुन्हा दुकानात गेले आणि सुतळीचं एक बंडल घेतलं. घरी थोरले दीर ओट्यावर बसले होते. आता थकलेत फार, एकटे पडलेत. पिशवीकडं बघून म्हणाले, "आता सुतळी कशाला आणली?" घरात दुसरं कुणी नव्हतं. याहून चांगली वेळ मिळाली नसती.

"असू द्यावी घरात," मी म्हणाले.

दिरांना आता अक्षर दिसत नाही, हे काही ते वाचायचे नाहीत. म्हणून तर इथं लिहायचा धीर झाला. ती सुतळी मी बांधली होती.