आबासाहेबांची सांगड

आबासाहेब गेल्याचं मला उमापूरच्या बाजारात कळलं. हातातली मेथीची जुडी तशीच टाकून निघालो आणि वाटभर मनात एकच... या माणसाशी सहा वर्षं मी धड बोललो नाही, आता भांडू तरी कुणाशी?

गोदेकाठच्या आमच्या गावचे ते देशमुख. कोवळ्या वयात घर सोडून काठेवाडातल्या एका संस्थानाच्या जहाजावर गेले, अंमलदार झाले आणि केस पिकल्यावर परतले. जहागीरदारांनी त्यांना हैदराबादच्या कौन्सिलात पाठवलं. तिथं त्यांनी एकच धोशा लावला, आमच्या घाटाला सरकारी नाव हवी. आमची माणसं बाजेखाली वाळके भोपळे बांधून, त्या सांगडीवर नदी ओलांडायची. "ही काय नाव हाय, मास्तर? मरायचा रस्ता हाय," ते मला म्हणायचे. अर्जात त्यांनी दोन्ही मागितलं, सांगडी बंद कराव्यात आणि नाव द्यावी. बंदीचा हुकूम महिन्याभरात आला. नाव आलीच नाही. पण जहाजावरची शिस्त, हुकूम म्हणजे हुकूम. कोळ्यांचे भोपळे त्यांनी समोर उभं राहून फोडवले. शेजारी मीही होतो, मान डोलावत.

श्रावणात नदी फुगली. माझी बायको सरस्वती बाळंतपणात दोन दिवस अडलेली, जाणती सुईण पैलतीरी आणि घाटावर एक भोपळा नाही. आबासाहेब कमरेइतक्या पाण्यात उभे राहून हाका मारत होते... कुणाला, कोण जाणे. सरस्वती गेली, मूलही गेलं.

त्यांनी कौन्सिल सोडलं. परसात भोपळ्याचे वेल चढवले आणि हुकूम मोडून, जहाजातल्या गाठी मारून स्वतः सांगड बांधली. बैल गेला न् झोपा केला, असं गाव म्हणालं. येईल त्याला ते पार न्यायचे. मला त्यांचा राग यायचा, त्याहून जास्त स्वतःचा. शेवटचे भेटले तेव्हा म्हणाले, "बसा मास्तर, एकदा तरी बसा."

"पलीकडं आता माझं काय काम हाय?" मी म्हणालो. ते दोर आवळत राहिले.

त्यांना मूलबाळ नव्हतं. अस्थी सोडायच्या दिवशी म्हातारा कोळी म्हणाला, "तुमीच बसा मास्तर. मालकांनी सांगून ठिवलंय." मडकं मांडीवर घेऊन बसलो. नदीला पाणी होतं, पण एक गाठ सैल झाली नाही. मधल्या धारेत अस्थी सोडल्या. कोळी परत वळवायला लागला, तेव्हा मी म्हणालो, "पलीकडं ने." पार व्हायला किती वेळ लागतो, ते मला एकदा पाहायचं होतं.

एक विडा चघळून होतो, तेवढा लागला.