चंदेरी पाखरांचा नाद

मुरुम गावच्या बाजारात माझं रंगाचं दुकान आहे. चुना, ऑइलपेंट, प्रायमर, ब्रश असं सगळं ठेवतो. रंग कालवायचं यंत्र दुकानात आलं तेव्हापासून मला स्वतःबद्दल जरा जास्तच भरवसा वाटायला लागला होता. गिऱ्हाइकानं मोबाईलवर कुणाच्या तरी बंगल्याचा फोटो दाखवावा आणि मी डोळे बारीक करून म्हणावं, "ह्यात पिवळा किंचित जास्त पडलाय." समोरचा मान डोलवायचा. रोज दहा माणसांनी मान डोलवली की आपल्याला खरंच काही कळतं असं वाटायला लागतं. माझंही तसंच झालं.

एकदा सोलापूरला एका रंगाच्या कंपनीनं आम्हा दुकानदारांना जेवायला बोलावलं होतं. जेवण आटोपलं, परतीच्या बसला वेळ होता, म्हणून बाजारात हिंडत होतो. तिथं पाखरांच्या एका दुकानात मला झेब्रा फिंच पहिल्यांदा दिसले. चिमणीपेक्षाही लहान, राखी अंगाचे, गालावर नारिंगी ठिपका, छातीवर बारीक काळे-पांढरे पट्टे, लाल चोच. त्या राखी गर्दीत एक मादी मात्र पांढरीशुभ्र होती. मी तिच्याकडे बघत उभा राहिलो आणि डोक्यातलं यंत्र सुरू झालं. राखीत पांढरा मिसळला तर काय होईल? चंदेरी! सरळ हिशेब होता. रोज डबे कालवणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार?

मी एक राखी नर आणि ती पांढरी मादी घेतली. दुकानदारानं दोघांना भोकं पाडलेल्या खोक्यात घालून दिलं. बसमध्ये खोकं मांडीवर घेऊन बसलो, तर नळदुर्ग यायच्या आत नरानं तोंड उघडलं. हा पक्षी गातो म्हणजे जत्रेतली रबरी पिपाणी वाजवल्यासारखा आवाज काढतो. शेजारचे गृहस्थ मला म्हणाले, "पाव्हणं, फोन वाजायलाय तुमचा." आणि मी, खोकं मांडीवर असताना, खिशातून फोन काढून बघितला.

घरी आई आहे, तिला आम्ही अव्वा म्हणतो. तिचं माहेर सीमेपलीकडं, त्यामुळं आश्चर्य वाटलं की ती कानडीत शिरते. खोकं उघडल्यावर ती म्हणाली, "इदेनप्पा? काय हे?" मी म्हणालो, "पाखरं आहेत अव्वा. ह्यांच्यापासून चंदेरी रंगाची पिल्लं काढणार आहे."

"चंदेरी कशापायी? हीच चांगली हायत की."

बायको एवढंच म्हणाली, "अहो, ह्यांची घाण कोण काढणार?" दोघींच्या बोलण्याकडं मी दुर्लक्ष केलं. कुठलंही मोठं काम हाती घेतलं की घरच्यांना आधी त्याची किंमत कळत नाही, असं मला तेव्हा वाटत होतं.

मागच्या पडवीत पिंजरा टांगला. आत एक लहान मडकं आडवं बांधलं. घरट्यासाठी नारळाच्या शेंड्या दिल्या, पण त्यांना आवडल्या त्या पिंजऱ्याला लागून असलेल्या आमच्या कूलरच्या जाळीतल्या गवताच्या काड्या. पिंजऱ्यातून चोच बाहेर काढून दोघांनी कूलरची एक बाजू अशी उपसली, की उन्हाळ्यात त्या बाजूनं नुसती गरम हवा यायला लागली. बायकोनं ते दाखवलं तेव्हा मी कौतुकानं म्हणालो, "बघ, कसा संसार मांडायलेत!" त्या रात्री कूलरच्या त्याच बाजूची जागा तिनं मला दिली.

पाखरं पाळणाऱ्यांच्या एका फोनवरच्या ग्रुपात मी सामील झालो होतो. तिथं कुणीतरी सांगितलं, पिल्लं धडधाकट व्हायची तर अंडं उकडून, कुस्करून द्या. आमचं घर लिंगायत. घरात अंडं येणं सोडाच, अंड्याचं चित्र असलेली पिशवी आली तरी अव्वा ती दारात थांबवील. म्हणून मी दुकानाच्या मागच्या खोलीत छोटी शेगडी ठेवली आणि तिथं अंडी उकडायला लागलो. टर्पेंटाइनच्या वासात अंड्याचा वास लपेल असा माझा अंदाज होता. तोही चुकला. दोन्ही मिळून तिसराच एक वास तयार झाला.

एके दिवशी मठाच्या कमिटीतले गुरुजी लोखंडी गेटासाठी रंग घ्यायला आले. हाक न मारता थेट मागच्या खोलीपर्यंत आले. माझ्या हातात अर्धवट सोललेलं अंडं होतं.

"हे काय करायलाव?" गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, हे पाखरांसाठी आहे."

त्यांनी खोलीभर नजर फिरवली. प्रायमरचे डबे, ब्रशची खोकी. "कुठायत पाखरं?"

"घरी आहेत."

"मग अंडी दुकानात कशाला?"

"घरी चालत नाही ना."

चोरून अंडी खाणाऱ्या माणसानं जे उत्तर दिलं असतं, अगदी तेच मी दिलं होतं, हे मला तोंडातून शब्द गेल्यावर कळलं. गुरुजींनी गेटाचा रंग घेतला. जाताना अंड्याकडं न बघता गेले, आणि ते बघण्यापेक्षा जास्त लागलं.

दोन-चार दिवसांत बायको पिठाच्या गिरणीतून आली ती डबा आपटतच. "अहो, तुम्ही दुकानात दार लावून अंडी खाता म्हणे. गिरणीत सगळ्या बायका मला धीर धर म्हणाल्या. वेळ आली की सुटेल म्हणाल्या सवय."

मी सगळं सांगितलं. अव्वानं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "खरंच पाखरालाच देत होतास नव्हं?" मी गळ्यातल्या लिंगाला हात लावून सांगितलं. ती उठली, वाटीभर राळे आणि मूठभर मूग भिजत घातले. मोड आल्यावर पाट्यावर ओबडधोबड वाटले, वर कोथिंबीर चिरून टाकली आणि पाखरांपुढं ठेवलं. त्यांनी ते असं फस्त केलं की मी आणलेल्या अंड्याची त्यांना कधी आठवणसुद्धा झाली नाही. "आता त्याचं नाव काढू नगं," अव्वा म्हणाली. गावात मात्र ते नाव अजून निघतं. मठाच्या पंगतीत वाढणारे अजून मला थोडं जपूनच वाढतात.

पहिली पिल्लं निघाली. उघडी, आंधळी, तोंडाचा आ केलेली. पिसं फुटली ती राखी. चोचीसुद्धा काळ्या. मी घाबरलो नाही. चुन्याचा हात भिंतीवर मारला की ओला असताना कळकट दिसतो, वाळला की उजळतो, हे मी गिऱ्हाइकांना इतक्यांदा सांगितलं होतं, की पाखरांनाही ते लागू असणार असं मी धरूनच चाललो. "थांबा, उजळतील," मी घरात सांगितलं. दुकानात सांगितलं. ग्रुपातही सांगितलं. चोचींचा रंग पुढं खरंच बदलला. अंग काही बदललं नाही. बापासारखीच राखी, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं.

दुसऱ्या खेपेलाही तेच. आईचा पांढरा रंग कुठं गेला काही कळेना. डब्यात पांढरा ओतावा, ढवळावं आणि तो तळाशी गडपच व्हावा, असं कधी पाहिलं नव्हतं. मी त्या मादीकडंच संशयानं बघायला लागलो. ती बिचारी मडक्यातून डोकं काढून मला बघायची.

पंचमीला धाकटी बहीण माहेरी आली. ती उमरग्याला असते. नवरा एसटीत, स्वतः शाळेत शिकवते. पिल्लं बघून ती हरखली. "दादा, ह्यातली मला देतोस?"

"सगळीच ने," मी हात झटकून म्हणालो. "साधी आहेत. रंगात काही दम नाही."

"गोड हायत रे! साधी काय म्हणतोस?"

ती एका जादा पिंजऱ्यासकट दोन्ही खेपांची पिल्लं घेऊन गेली. कचऱ्याच्या गाडीत जुने डबे द्यावेत तसा मी मोकळा झालो, आणि नव्या बेताला लागलो. मिसळणं जमत नाही ना, मग पांढऱ्याला पांढरंच लावू. सोलापूरला जाऊन दुसरा पांढरा पक्षी निवडून आणला, नर म्हणून. अव्वानं मात्र राखी नर सोडला नाही. तो तिच्या खाटेजवळ ओसरीवर टांगला. ती त्याच्याशी कानडीत बोलायची, तो पिपाणी वाजवायचा, आणि दोघांचं मस्त जमायचं.

पांढऱ्या जोडीनं आठवड्याभरात मडकं अंड्यांनी भरून टाकलं. ग्रुपातले लोक चार-पाच अंड्यांचे फोटो टाकायचे, माझ्या मडक्यात त्याच्या दुप्पट! मी ऐटीत फोटो टाकला. रंगारी, गिऱ्हाइकं, शेजारचा हार्डवेअरवाला, सगळ्यांना एकेक पांढरं पिल्लू कबूल करून बसलो.

अव्वा एकदा पडवीत येऊन उभी राहिली. "ह्या दोघांतलं एक बी गात न्हाय रे."

"नवीन जागा आहे अव्वा. लाजतोय तो."

"मडक्यात दोघं बी बसत्यात, आन् गात कुणीच न्हाय," एवढं पुटपुटून ती निघून गेली.

पंधरवडा गेला, आणखी काही दिवस गेले. मोबाईलच्या उजेडात अंडी धरून बघितली तर आत काहीच नाही, नुसती स्वच्छ. मी ग्रुपात पुन्हा फोटो टाकला, या वेळी जोडीचा. उत्तर लगेच आलं: दोन्ही माद्या आहेत. पांढऱ्यात चोच बघायची असते, नराची लालभडक, मादीची नारिंगी. खाली हसणाऱ्या तोंडांची रांगच लागली.

मी दुकानात गेलो, शेडकार्ड आणलं आणि पिंजऱ्याला लावून बघितलं. नारिंगी. दोन्ही चोची नारिंगीच्याच पट्टीवर बसत होत्या. वीस पावलांवरून दोन पिवळे वेगळे ओळखतो म्हणून ज्याला गाव ओळखतं, त्यानं नारिंगीला लाल म्हणून पैसे मोजले होते. कार्ड धरून मी उभा असताना बायको मागं आली. "शेड जुळली का?" तिनं विचारलं आणि पदर तोंडाला लावून आत पळाली.

मी नाद सोडायचं ठरवलं. ज्यांना पिल्लं कबूल केली होती त्यांना "उष्णता बाधली" असं सांगत सुटलो. आणि अशात बहिणीचा फोन आला.

"दादा, तू दिलेल्यांतल्या एका जोडीला पिल्लं झालीत. बाकी बरी हायत, पण एक आजारी दिसायलंय. पार पांढरं पडलंय बघ."

"पांढरं म्हणजे?"

"म्हणजे दुधासारखं. रक्त कमी असंल का?"

मी दुकान उघडं टाकून मोटरसायकलवर उमरगा गाठलं. चप्पल न काढता तिच्या पिंजऱ्यापुढं जाऊन उभा राहिलो. राखी भावंडांच्या मधोमध एक पिल्लू, नखापासून शेपटीपर्यंत पांढरंशुभ्र, दाणे टिपत होतं. आजारी वगैरे काही नव्हतं.

"हे बाहेरून कुणी आणून ठेवलं?" मी विचारलं.

दाजी हसायला लागले. "कोण आणंल हो? तुमच्याच साध्या मालातून निघालंय."

"शक्य नाही. आई राखी, बाप राखी. पांढरा येईल कुठून?"

बहीण माझ्याकडं बघत राहिली. मग आतून आरसा घेऊन आली आणि माझ्यापुढं धरला. "डोळे बघ तुझे."

माझे डोळे घारे आहेत. आमच्या घरात कुणाचेच नाहीत. लहानपणी कुणी पाव्हणा आला की पहिला प्रश्न तोच असायचा, हा कुणावर गेलाय? आणि आमचे वडील, आप्पा, हसून सांगायचे, माझ्या आजाचे होते.

"अव्वाचे काळे, आप्पांचे काळे," बहीण म्हणाली. "मधल्या सगळ्यांत ते लपून राहिले आन् तुझ्यात निघाले. तसंच ह्या पाखरांत. तुझ्या पांढऱ्या मादीचा रंग राखी पिल्लांच्या आत होता. राखीला राखी लागलं, दोन्हीकडून आला, तवा दिसला. दादा, नववीला शिकवते मी हे."

पन्नाशीला आलेला माणूस, रोज सकाळी दाढी करताना आरशात तेच डोळे बघतो, आणि रंग लपतो कुठं म्हणून वर्षभर पाखरांच्या आईवर संशय घेतो. मग हसू आलं ते थांबेना. दाजीही हसले. बहीण तेवढी हसली नाही. ती म्हणाली, "त्या पांढरीला साधं म्हणाला न्हाईस, पण पोरांना म्हणालास. मला तवाच वाईट वाटलं होतं."

मी ते पांढरं पिल्लू मागितलं. तिनं दिलं नाही. म्हणाली, "भावंडांत ऱ्हाऊ दे." उलट माझ्या दोन्ही पांढऱ्या माद्या तिनं मागून घेतल्या, कारण तिच्याकडं राखी नर होते आणि आता आपण काय करतोय हे तिला ठाऊक होतं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तिच्याकडं इतकी पांढरी झाली, की गल्लीत प्रत्येक दुसऱ्या ओसरीवर एक पिंजरा लटकला. चंदेरी मात्र एकही निघालं नाही. तो रंग वेगळ्याच घराण्यातून येतो म्हणे, कालवून होत नाही.

आता निलंग्याहून, बसवकल्याणहून लोक तिची पाखरं बघायला येतात. परवा मी गेलो तेव्हा असंच एक जोडपं आलं होतं. बहिणीनं ओळख करून दिली, "हे माझे भाऊ. रंगाचं दुकान आहे ह्यांचं." त्या बाई आदरानं म्हणाल्या, "म्हणजे रंगांचं सगळं तुम्हीच बघत असाल." बहीण काही बोलायच्या आत मी सांगितलं, "नाही, मी पाणी बदलतो." आणि तिनं पुढं केलेली पिंजऱ्यातली वाटी घेऊन मी नळाकडं गेलो.