कडूबाईचं लाल घोंगडं

नळदुर्गात रजियाबीनं चाळीस वर्षं सूत रंगवलं. घरामागच्या अंगणात भट्टी, तिच्यावर डेग, आणि तिचे हात कधी निळे तर कधी पिवळे. तिचा रंग उतरला असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. त्याचा तिला थोडा ताठाही होता.

त्यामुळं जळकोटचे धुळाप्पा धनगर पांढऱ्या लोकरीच्या लडी घेऊन आले, तेव्हा तिनं फारसा विचार केला नाही.

"भाबी, आमच्या कडूबाईला लाल घोंगडं पायजे," बायकोचं नाव घेताना धुळाप्पा लाजत म्हणाले. "जलमभर काळंच पांघरलं तिनं. सगळ्या कळपात पांढरी मेंढरं चारच. त्यांची लोकर साठवून तिनंच कातलीया."

"लाल व्हय? कुंकवावाणी करून देते."

निम्म्या लडी तिनं सुतासारख्याच रंगवल्या. कडकडीत पाणी, रंग, मीठ, वर धुण्याचा सोडा. तासाभरानं बघते तर लोकर मळकट, बुळबुळीत झालेली. पिळायला गेली तर धागा हातात तुटून आला.

धुळाप्पा आले तेव्हा तिनं काही लपवलं नाही. "भाऊ, चूक माझी हाय."

त्यांनी ती लोकर बराच वेळ बोटांत चोळली. मग म्हणाले, "उरलेल्या लडी राहू द्या तुमच्याकडंच. चैतात मेंढरं पुना कातरतो." अन् चहा न घेताच गेले. ते रजियाबीला फार लागलं.

तिची सून आफरीन कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. तीन वर्षांत रजियाबीनं तिला त्यातलं कधी काही विचारलं नव्हतं. पुस्तकात रंगाचं काय असणार! त्या संध्याकाळी मात्र ती तिच्यासमोर जाऊन बसली. "बेटी, माझं कुठं चुकलं?"

आफरीननं ओढणीचा एक धागा अन् डोक्याचा एक केस काढून तिच्या तळहातावर ठेवला.

"अम्मी, सूत म्हणजे साखरेच्या कणांची लांबच लांब साखळी. सोडा घातला की ती साखळी रंगाच्या कणाला पक्की जोडून घेते. लोकर केसाच्या जातीची. तिची साखळी प्रथिनाची. सोड्याच्या गरम पाण्यात तिचे सांधेच सुटतात."

"मग तिला रंग लागायचा कसा?"

"आंबटात. टॉर्चच्या सेलला अधिक अन् वजा असतं ना? पाणी आंबट केलं की लोकरीच्या साखळीवर जागोजागी अधिक तयार होतं. रेशमाच्या रंगाच्या कणावर वजा असतं. दोघं एकमेकांना ओढून धरतात."

"रेशमाच्या? माझी सास रेशमात चिंचेचं पाणी घालायची. म्हणायची, चमक येते."

"रेशीमही प्रथिनच, अम्मी."

रजियाबी हसली. "बाईला सगळं ठावं होतं. कारण तेवढं ठावं न्हवतं."

चैत्रात उरलेल्या लडींच्या जोडीला नव्या लडी आल्या. आफरीननं सोलापूरहून रेशमाचा रंग आणला. रजियाबीनं साध्या साबणानं लोकरीचा चिकटा काढला, स्टीलच्या पातेल्यात कोमट पाणी, रंग अन् आंबटाला सिरका घातला, आणि आच हळूहळू वाढवली. ढवळायचं नाही, असं आफरीननं बजावलं होतं. हात शिवशिवत होते, पण तिनं ते मांडीवर धरून ठेवले.

तासाभरानं काठीनं लड उचलली, पातेल्यात डोकावली आणि तशीच उभी राहिली. पाण्यातून पातेल्याचा तळ दिसत होता. आजवर तिच्या मोरीतून रंगाचंच पाणी वाहिलं होतं.

"आफरीन, रंग गेला कुठं गं?"

"लोकरीत. सगळाच्या सगळा."

रजियाबीनं सुनेचा चेहरा दोन्ही हातांत धरला. मग स्वतःची बोटं बघून दचकली. मघाशी रंग कालवताना ती लालभडक झाली होती, साबणानंही डाग निघेनात.

"कातडीही प्रथिनाचीच, अम्मी," आफरीन खळखळून हसली.

वैशाखात, ऊन मी म्हणत असताना, कडूबाई जळकोटहून एसटीनं आली. खांद्यावर नुकतंच विणलेलं लाल घोंगडं.

"अगं, या उन्हात?" रजियाबीनं कपाळाला हात लावला.

"थंडीपतोर वाट बघू व्हय? दोनदा धुतलं, पानी पांढरंच!" कडूबाई ओट्यावर टेकली. आफरीननं पाण्याचा तांब्या पुढं केला, तो तिनं घोंगडं न उतरवताच तोंडाला लावला.