एकूण पाच

गुरुवार, २२ ऑगस्ट १९९६. जळोचीची शेड, सकाळी नऊ. हजर : नाना सुतार, रफीक वायरमन, कपडेपटाची कमल आणि मी. बाहेरचे : कोणी नाही. एकूण : पाच.

हे माझ्याच वहीत, माझ्याच अक्षरात आहे. नावं चार आणि बेरीज पाच. गणपतीचे हलते देखावे तयार करणाऱ्या या शेडची हजेरी मी नऊ वर्षं घेते आहे, आणि माझी बेरीज चुकत नाही. त्या दिवशी रोजच्यासारखी दारात उभी राहून मी डोकी मोजली. खिडकीजवळच्या टेबलाशी कोणीतरी पाठमोरं बसलेलं होतं, एवढं आठवतं... साडेअकराला फोन वाजला. इंदापूरहून सोपान मास्तरांचे शेजारी बोलत होते. "ताई, मास्तर गेलं. पहाटंच. पहिली एसटी धरायची म्हणून सदरा चढवला, आन् चपला घालता घालता खाली बसलं ते बसलंच." सदऱ्याच्या खिशात बारीक ब्रश होता. ते आमच्याकडेच यायला निघाले होते. खिडकीजवळचं टेबल त्यांचं.

सोपान मास्तर आमच्या पुतळ्यांचे चेहरे करायचे. शाडूवर कागदाचा लगदा चढवून, इंदापूरला आपल्या पडवीत. चेहरा तयार झाला की पत्र्याच्या पेटीत भुसा घालून, पेटी मांडीवर घेऊन एसटीनं बारामतीला, तिथून जळोचीच्या शेडवर. कंडक्टर ओळखीचा झाला होता. "मास्तर, तुमचं एक तिकीट झालं, पेटीतल्या मान्सांचं काय?" असं तो दर खेपेला विचारायचा. शेडमध्ये पाऊल ठेवलं की नानांचं सुरू व्हायचं : "आलं पाव्हणं! आज किती मुंडकी उडवली?" मास्तर पेटी खाली ठेवत म्हणायचे, "तीन. चौथं हितंच उडवावं म्हन्तो, नाना. जरा मान इकडं करा."

हसण्यावारी जायचं, पण त्या 'पाव्हणं' शब्दात थोडी बोच असायची. देखाव्याचं काम म्हणजे दोन प्रकारची माणसं सांभाळणं. घरची, म्हणजे बारा महिने नोकरीवर असलेली. आणि बाहेरची, म्हणजे हंगामापुरती बोलावलेली : चेहऱ्यांना एक, पडद्यांना एक, आवाज भरून द्यायला एक. घरच्यांना वाटतं, राबतो आम्ही आणि मिरवतात हे. बाहेरच्यांना वाटतं, शिडी यांनी मुद्दाम लपवली. मी त्यावर नियम केले होते. प्रत्येकाला तारीख, प्रत्येकाला टेबल, आणि भिंतीवर एक फळा. फळ्याच्या डावीकडे घरच्यांची नावं ऑइलपेंटनं रंगवलेली, उजवीकडे बाहेरच्यांची खडूनं. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी मी ओल्या फडक्यानं उजवी बाजू पुसायची. डावीकडची नावं सोपान मास्तरांनीच रंगवली होती, सुरेख वळणात. स्वतःचं नाव उजवीकडून पुसलं जाताना त्यांनी सहा वेळा पाहिलं. दर वर्षी विसर्जनानंतर पेटी न्यायला ते यायचे, आणि मी नेमकी तेव्हाच फडकं घेऊन उभी असायची.

त्यांच्या आजोबांच्या वेळेपर्यंत घरात मेंढरं होती. एकदा मी हजेरी घेत असताना ते म्हणाले, "ताई, तुमी लई मोजता. आमच्यात मेंढरं मोजत न्हाईत."

"मग एखादं हरवलं तर कळणार कसं?"

"त्वांडं बघायची. कोण न्हाय त्ये आपसूक कळतं."

मी म्हटलं, मास्तर, तुमच्या त्या मेंढरांना मंडळाची तारीख पाळायची नव्हती. ते हसले. मग फळ्याकडे बघत, ब्रश पुसता पुसता, अगदी सहज विचारलं, "माझं नाव कवा रंगवायचं मग? रंग हाय, हात बी माझाच हाय."

"तुम्ही बाहेरचे ना, मास्तर. उद्या दुसऱ्या कोणाचं काम घेतलंत तर?"

"घेतलं का कवा?"

नव्हतं घेतलं. माझ्या वहीत ते पान आहे. कामांच्या यादीत सातवं : 'सोपान मास्तर, घरच्यांत घेणे. विचार करू.' पुढचे दोन हंगाम मी ते एका पानावरून दुसऱ्यावर उतरवत राहिले.

यंदा इंदापूरच्याच एका मंडळासाठी गावच्या पंचांचा देखावा होता. पाच म्हातारे पंच, पारावर बसून न्याय करताहेत, माना हलताहेत. मास्तरांनी चेहऱ्यांसाठी आम्हा घरच्यांनाच एकेक करून खिडकीपाशी बसवलं. मलासुद्धा. "पंचांत बाई?" कमल म्हणाली. "हिशेबाला एक लागतीच की," मास्तर म्हणाले. पंधरा मिनिटं ते नुसते बघायचे, एक रेघ काढायचे नाहीत. दोन आठवड्यांनी चार चेहरे आले. आम्हीच होतो, पण वीस-पंचवीस वर्षांनंतरचे. रफीकचे गाल बसलेले. नानांचा खालचा ओठ लोंबलेला. माझ्या कपाळावर दोन आठ्या, ज्यांची सुरुवात मी घरी जाऊन आरशात शोधली, आणि सापडली. कमलनं आपल्या त्या म्हाताऱ्या चेहऱ्यावर ओढणी टाकली. "झाकू नगंस, पोरी," मास्तर म्हणाले, "तितवर जाशील, ही चांगली गोष्ट हाय."

पाचवा चेहरा त्यांनी मंगळवारी आणला. पेटी उघडली नाही. पुतळ्याचे डोळे ते शेवटी काढायचे, शेडमध्येच, आणि डोळ्यांशिवाय चेहरा कोणाला दाखवायचे नाहीत. "बेस्तरवारी येतो. डोळं काढतो. तवर ऱ्हाऊ द्या झाकून." मी यादीत लिहिलं : गुरुवार, पाचवा पंच, डोळे.

तेरावं होईपर्यंत आम्ही पेटीला हात लावला नाही. मग मंडळाची तारीख जवळ आली. नानांनी झाकण काढलं, मी भुसा बाजूला केला. भुशात सोपान मास्तर होते. डोळ्यांच्या जागी कोऱ्या वाट्या, बाकी सगळे तेच.

"सुरकुत्या न्हाईत, ताई," कमल हळूच म्हणाली. खरंच नव्हत्या. आम्हा चौघांना म्हातारं केलेल्या माणसानं स्वतःवर एक वर्षसुद्धा चढवलं नव्हतं. मंगळवारी पेटी ठेवून गेले, तसेच्या तसे.

"राहिल्या असतील करायच्या," मी म्हटलं.

नानांनी मान हलवली. "सुरकुत्या तो ओल्यातच काढायचा. हे तर खडखडीत वाळलंय."

देखाव्यात आम्ही चारच पंच बसवले. आवाजाची कॅसेट मात्र आधीच भरून झाली होती, पाच आवाजांची. चौथ्या पंचाचं बोलणं संपलं की पारावरच्या रिकाम्या जागेतून पाचवा बोलायचा. मी समोर उभी होते. लोक हसतील अशी मला भीती होती. कोणी हसलं नाही. सगळे त्या जागेकडे मान वळवून ऐकत होते, माणूस बोलताना ऐकावं तसे.

विसर्जनानंतर मी फडकं घेतलं आणि उजव्या बाजूची बाकीची नावं पुसली. मग ऑइलपेंटचा डबा उघडला आणि डावीकडे पाचवं नाव रंगवलं. वाकडं आलं आहे. त्या सुंदर चार नावांखाली ते चटकन दिसतं. सातवं काम खोडलं. दोन वर्षं लागायला नको होती.

चेहरा आता खिडकीजवळच्या टेबलावर, खिडकीकडे तोंड करून ठेवला आहे. मी सकाळी दारात उभी राहते, तोंडं बघते, आणि कोण नाही ते कळतं. पण सवयीनं कधी घाईत मोजलं, की पाचच येतात. रफीक म्हणतो, ताई, ते टेबलावरचं डोकं मोजता तुम्ही. असेल. बावीस तारखेला मात्र ते पेटीत होतं, भुशात...

डोळे अजून राहिले आहेत. रफीकनं एकदा टेबलावर राहिलेला मास्तरांचा दुसरा ब्रश उचलला, चेहऱ्यासमोर थोडा वेळ बसला आणि ठेवून दिला. कोणा बाहेरच्याला बोलवावं, तर हे काम बाहेरच्याला देण्यासारखं नाही. आणि घरच्यांत डोळे काढता येणारा एकच. राहिलेलं काम पुढच्या पानावर उतरवायचं आणि त्यापुढे ते करणाऱ्याचं नाव लिहायचं, ही माझी पद्धत. आज सकाळीही उतरवलं : पाचवा पंच, डोळे. सोपान मास्तर.